कृत्रिम पाय अंगाला बसतो कसा आणि बसवायचा कसा

मी बेळगावच्या वडगावात ब्लाउज आणि परकर शिवते. २०१६ साली ऊसतोडीच्या हंगामात सांबऱ्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीचं चाक उजव्या पायावरून गेलं आणि पाय गुडघ्याखाली काढावा लागला. गुडघ्यापासून खाली १४ सेंटिमीटर पाय उरलाय. माझ्याच टेपनं मी तो मोजलाय. दवाखान्यात त्याला 'स्टंप' म्हणतात. मी 'उरलेला पाय' म्हणते, कारण तो माझाच आहे.

आता ओळखीपाळखीतून माणसं घरी येतात. कुणाचा पाय शुगरनं गेलेला असतो, कुणाचा गाडीवरून पडून. कडोलीचे एक तात्या आले, त्यांनी बसायच्या आधीच विचारलं, "ताई, हा पाय अंगाला चिकटवतात कशानं? आत हाडाला स्क्रू मारलाय काय?" नव्यानं पाय गेलेल्या प्रत्येकाच्या मनात हाच प्रश्न असतो. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते. हे गुडघ्याखालच्या पायाबद्दल आहे. मांडीतून पाय गेलेल्यांना पाय बसवायची पद्धत वेगळी असते, पण मोज्यांचं, कातडीचं आणि मापाचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

आत स्क्रू नसतो आणि डिंकही नसतो. उरलेला पाय एका कडक पेल्यात उतरतो, त्या पेल्याला सॉकेट म्हणतात. सॉकेटखाली नळी आणि नळीखाली पाऊल. सॉकेट पायातून निसटू नये म्हणून गुडघ्याच्या वर पट्टा असतो, किंवा रबरी बाही असते, किंवा लायनरच्या, म्हणजे सॉकेटच्या आत उरलेल्या पायावर घालायच्या मऊ बाहीच्या, टोकाला खिट्टी असते, ती सॉकेटच्या तळाच्या कुलपात अडकते. पण पट्ट्याचं काम एवढंच की पाय उचलला की सॉकेट सोबत यावं. अंगाचं वजन पट्टा घेत नाही. वजन घेतं ते माप. ब्लाउज हुकांवर टिकतो, पण हुकांमुळे कुणाला बसत नाही, तसंच हे.

मापात एवढं काय असतं, ते सांगते. तळपायाची कातडी जाड असते, तिच्याखाली चरबीची गादी असते. जन्मभर वजन झेलायला ती घडलेली असते. नडगीवरची कातडी तशी नाही. ती पातळ असते आणि लगेच खाली हाड. आता त्याच कातडीनं अख्ख्या देहाचं वजन घ्यायचं असतं. म्हणून सॉकेट करणारे कारागीर वजन कुठं द्यायचं आणि कुठं अजिबात द्यायचं नाही ते ठरवतात. गुडघ्याच्या वाटीखाली बोट दाबलं की एक जाड, ताठ पट्टा लागतो. तो दाब सोसतो. नडगीच्या हाडाचा आतल्या बाजूचा वरचा रुंद भाग सोसतो. मागची पोटरीही सोसते. नडगीची पुढची धार सोसत नाही. कापलेल्या हाडाचं टोक सोसत नाही. आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडं खाली, हाडाची एक गोटी असते, तिला तर बिलकुल धक्का नको, कारण तिला वळसा घालून एक शीर (मज्जातंतू) जाते. वाटीखालच्या पट्ट्यावर वजन घेणारं हे सॉकेट १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कॅलिफोर्नियात घडवलं गेलं. आजही आपल्याकडचे बरेच पाय त्याच विचारावर बनतात. नव्या पद्धतीत दाब मोजक्या जागांवर न देता सिलिकॉनच्या लायनरमधून सगळीकडे सारखा पसरवतात.

तुमच्या पायावरच्या या जागा तुमच्या बोटांना माहीत करून घ्या. मी घरी आलेल्या प्रत्येकाला आधी हेच करायला लावते. आरशासमोर बसा, बोटानं चाचपा, कुठं दाब चालतो आणि कुठं कळ येते ते बघा. पुढं वर्कशॉपमध्ये "दुखतंय" एवढं सांगून भागत नाही. "बाहेरच्या गोटीच्या खाली, दोन पावलं टाकल्यावर दुखतंय" असं सांगितलं, तर कारागिराला नेमकं कुठं घासायचं ते कळतं.

माप घेण्याआधी

माझा पहिला पाय फार घाईनं झाला. टाके सुकले होते, पण सूज उतरली नव्हती. मीही घाईला आले होते, दिवाळीच्या ऑर्डरी होत्या. तीन महिन्यांत उरलेला पाय बारीक झाला आणि सॉकेटमध्ये गोल फिरायला लागला. मी आत कापडाच्या चिंध्या कोंबल्या. शिवणारी बाई असून मला कळलं नाही, की सैल कपड्याला आतून चिंधी लावली तर ती एकाच जागी टोचते. नडगीच्या टोकाला जखम झाली आणि ती भरून यायला दोन महिने पाय बाजूला ठेवावा लागला.

म्हणून आधी सूज उतरवा. क्रेप बँडेज सरळ गोल गुंडाळू नका, त्यानं पाय गळफास लागल्यासारखा मध्येच आवळतो आणि टोक फुगतं. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तिरकी फिरवा. टोकाला घट्ट, वर येईल तशी सैल. दिवसातून चार-पाच वेळा सोडून पुन्हा बांधा, कारण ती ढिली होतेच. ठणका लागला किंवा कातडी काळीनिळी दिसली तर लगेच सोडा. आणि गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. उशीनं बरं वाटतं, पण गुडघा वाकलेल्या जागी आखडतो, आणि आखडलेल्या गुडघ्याला चांगल्यातला चांगला पायही नीट बसत नाही. दिवसातून दोन-तीनदा १५-२० मिनिटं पालथं झोपा. माझ्या सासूबाई शेजारी बसून घड्याळ बघायच्या. त्या वेळी मला त्याचा राग यायचा. आज माझा गुडघा सरळ होतो तो त्यांच्यामुळं.

पहिल्या वर्षात उरलेल्या पायाचा आकार सगळ्यात जास्त बदलतो. पहिलं सॉकेट वर्षभराच्या आत बदलावं लागलं तर मन खट्टू करू नका. वाढत्या पोराला गेल्या वर्षीचा शर्ट बसत नाही म्हणून कुणी शिंप्याला दोष देत नाही.

साचा

मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हा. कारागीर आधी पायावर पातळ मोजा चढवतात आणि ओलसर पेन्सिलीनं हाडांच्या जागांवर खुणा करतात. वाटी, गोटी, नडगीची धार, टोक. मग ओलं प्लास्टर बँडेज गुंडाळतात. ते गरम होत होत घट्ट होतं. या वेळी पाय अजिबात हलवू नका. पोटरी आवळू नका, श्वास रोखू नका. माझे कारागीर कन्नडच बोलायचे. वाटीखाली अंगठे दाबून धरताना विचारायचे, "अक्का, नोवु ऐतेन्री?" दुखतंय का? मी मान हलवायची. सॉकेट घालून उभं केलं की पुढचा प्रश्न यायचा, "बिगी? सडिल?" घट्ट की सैल. आपल्या भागातल्या मराठी माणसानं हे तीन शब्द पाठ करून जावेत.

प्लास्टर काढलं की पेन्सिलीच्या खुणा आतल्या बाजूला उमटलेल्या असतात. त्यात पुन्हा प्लास्टर ओततात, की तुमच्या पायाची पांढरी मूर्ती तयार होते. आता खरं कसब. जिथं दाब द्यायचा तिथं मूर्ती तासून कमी करतात. जिथं दाब नको तिथं वर प्लास्टर चढवतात. मूर्ती जिथं कमी, तिथं सॉकेट अंगाला दाबून बसणार. मूर्ती जिथं जाड, तिथं सॉकेटमध्ये मोकळी जागा राहणार. म्हणजे हुबेहूब माप घेऊन चालत नाही, मापात जाणूनबुजून फरक करावा लागतो. हे बघून मला माझ्या गुरूबाईंची आठवण झाली. छातीचं माप ३६ असलं तरी ३६ वर कापायचं नाही, कुठं पाऊण इंच सोडायचं आणि कुठं चिमटायचं ते हाताला कळलं पाहिजे, असं त्या म्हणायच्या.

या मूर्तीवर तापवलेलं प्लास्टिक चढवून, किंवा कापडाच्या थरांत राळ मुरवून सॉकेट बनवतात. मग उभं करून कंबरेची दोन्ही हाडं एका पातळीत आहेत का बघतात, चालवून बघतात. पहिल्याच दिवशी चार पावलांत "बरं आहे" म्हणून उठू नका. तासभर तरी तिथंच चाला, बसा, उठा, जिना चढा. नंतर काढून कातडी बघा.

रोजचं घालणं

रोज सकाळी आधी पाय बघा. टोक आणि मागची बाजू दिसत नाही, तिथं हातातला आरसा धरा. शुगर असलेल्यांनी यात एक दिवसही खाडा करू नये, कारण त्यांना पुष्कळदा दुखणंच कळत नाही आणि जखम आरशातच पहिल्यांदा दिसते.

सकाळी धुतलेल्या, ओलसर पायावर सॉकेट चढवू नका. ओली कातडी फुगते आणि सोलते. मी रात्री पाय साबणानं धुते, टिपून कोरडा करते, खोबरेल लावायचं तर तेही रात्रीच. लायनरही रात्री धुऊन सावलीत वाळवते.

लायनर पायमोज्यासारखा ओढून घालायचा नाही. तो उलटा करायचा, टोक उरलेल्या पायाच्या टोकावर नीट टेकवायचं, मधे हवा राहू द्यायची नाही, आणि मग वर गुंडाळत न्यायचा. हवेचा बुडबुडा राहिला तर दुपारपर्यंत तिथं फोड येतो. खिट्टीचा लायनर असेल तर खिट्टी नडगीच्या सरळ रेषेत आहे का बघा. तिरकी असली तर कुलपात जात नाही. बरोबर गेली तर वजन देताना 'टक टक टक' असा आवाज येतो. मी आवाज मोजते. माझे सहा येतात. चारच आले तर पाय पुरता उतरलेला नाही.

आता मोजे. सगळ्यात जास्त लोक इथं चुकतात. उरलेला पाय दिवसभर एकाच जाडीचा राहत नाही. सकाळी तो भरलेला असतो, सॉकेटमध्ये चालून चालून दुपारपर्यंत बारीक होतो. पाळीच्या आधी माझा सुजतो. डायलिसिसवर असलेल्यांचा तर एका दिवसात बदलतो. सॉकेट मात्र कडक, ते बदलत नाही. ही तफावत मोज्यांनी भरायची. एकपदरी, तीनपदरी, पाचपदरी मोजे मिळतात. चालताना आपण त्या बाजूला बुटके झाल्यासारखं वाटलं, वाटीच्या खालच्या कडेवर किंवा पायाच्या टोकावर कळ आली, तर पाय खोल उतरलाय. एकपदरी मोजा वाढवा. उलट, पाय लांब वाटला, वरून आवळतोय आणि टोकाला पोकळी वाटतेय, तर एक मोजा काढा. एकदम पाचपदरी चढवू नका. आणि खिट्टीचा पाय असेल तर मोज्याच्या टोकाचं भोक नेमकं खिट्टीवर बसवा, नाहीतर कापड कुलपात अडकतं आणि पाय निघतच नाही. माझ्या पिशवीत कायम दोन एकपदरी आणि एक तीनपदरी मोजा असतो. बाजारात, लग्नात, कुठंही मी आडोसा बघून मोजा बदलते. आता लाजत नाही.

टोकाला पोकळी राहते की नाही हे घरी तपासायची युक्ती सांगते. सुपारीएवढा घट्ट कणकेचा गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून सॉकेटच्या तळाशी ठेवा, पाय घालून उभे राहा, वजन द्या, काढा. खिट्टीच्या पायाला हे जमत नाही, पट्ट्याच्या पायाला जमतं. गोळा थोडा चपटा झाला तर ठीक. तसाच्या तसा निघाला तर खाली पोकळी आहे. तिथं कातडीला आधार मिळत नाही, रक्त उतरून साचतं, कातडी आधी लालजांभळी आणि नंतर जाड, खरखरीत होते. गोळ्याची पोळी झाली तर टोकावर वजन जातंय. दोन्ही वेळा आधी मोज्यांनी दुरुस्त करून बघा, नाही झालं तर वर्कशॉप.

नवा पाय पहिल्या दिवशी तासभरच घाला. काढा आणि कातडी बघा. वाटीखाली, पोटरीवर लाली दिसेल, ती १५-२० मिनिटांत गेली तर चांगली. दुसऱ्या दिवशी थोडं वाढवा. लाली राहिलीच, किंवा ती गोटीवर, धारेवर, टोकावर असली, तर पाय बाजूला ठेवा. "होईल सवय" म्हणून रेटू नका. दाब सोसणाऱ्या जागेला सवय होते. हाडाला होत नाही, हाडावर जखम होते.

चप्पल, चिखल आणि जमीन

पाय ज्या टाचेच्या चपलेवर जुळवला, त्याच उंचीची चप्पल पुढं वापरा. उंच टाचेची घातली की गुडघा पुढं ढकलला जातो आणि पडायला होतं. सपाट घातली की गुडघा मागं ताणला जातो. माप द्यायला जाताना रोजची चप्पल घेऊन जा. मी लग्नात घालायची नवी चप्पल घेऊन गेले होते, नंतर सगळं पुन्हा जुळवावं लागलं.

खानापूरकडचे लोक विचारतात की भाताच्या चिखलात चालेल का. त्यासाठी जयपूर फूट बरा. १९६८ च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला, तोच मुळी अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या, शेतात काम करणाऱ्या माणसांसाठी. रबराचं पाऊल असतं, बुटाची गरज नाही, पाऊल सगळ्या बाजूंना थोडं वळतं. रोप लावणीच्या दिवसांत संध्याकाळी सगळं धुऊन कोरडं करा आणि सॉकेटच्या आत मातीचा कण राहू देऊ नका. लोखंडी नळीचा, खिट्टीचा पाय मात्र चिखलात नेऊ नका.

मांडी घालून बसताना सॉकेटची मागची कड मांडीत रुतते. ती कड थोडी खाली घ्या असं माप देतानाच सांगा. आपण जेवायला, पूजेला जमिनीवर बसणारी माणसं, हे कारागिराला आपणहून सांगावं लागतं. पायमशीन मी सोडली, कारण नकली घोटा पट्टी हलवत नाही. मोटर बसवली आणि डाव्या पायानं दाबते.

मनाला पाय कसा बसतो

पाय कापल्यावर आठ महिने माझ्या नसलेल्या पावलाची बोटं रात्री वळायची. मला वाटलं, डोकं फिरलं. तसं नसतं. मेंदूतली त्या पायाची जागा तशीच राहते आणि तोडलेल्या शिरांची टोकंही निरोप धाडत राहतात, म्हणून हे बहुतेकांना होतं. घरच्यांना उघड सांगा. मला आरशाचा उपयोग झाला. मेंदूचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत दाखवली. दोन्ही पायांच्या मधे आरसा उभा धरायचा, चांगल्या पायाचं प्रतिबिंब नसलेल्या पायाच्या जागी दिसेल असा, आणि चांगल्या पायाची बोटं हळूहळू उघडायची. मी कपाटाचा जुना आरसा वापरला. रोज दहा मिनिटं. वळलेली बोटं सुटताना डोळ्यांना दिसली की कळ ओसरायची. सगळ्यांना याचा गुण येतोच असं नाही. औषधंही असतात, डॉक्टरांना विचारा.

वर्षभरानं एक दिवस खडेबाजारातून जाताना माझ्या लक्षात आलं, की डांबर कुठं संपलं आणि खडी कुठं सुरू झाली हे मला उजव्या पायानं कळलं. धक्का पावलातून नळीत, नळीतून सॉकेटमध्ये, तिथून नडगीत येतो. सॉकेट सैल असेल तर हे कळत नाही, मधेच विरतं. कृत्रिम हाताचंही असंच आहे. विजेवर चालणाऱ्या हातात, उरलेल्या हाताचे स्नायू आवळले की निघणारी बारीकशी वीज कातडीवर टेकलेली पट्टी टिपते आणि मोटर पंजा मिटवते. सॉकेट ढिलं झालं, पट्टी कातडीवरून सुटली, की पंजा ऐकत नाही.

आणि कडोलीच्या तात्यांचा स्क्रू? तोही जगात आहे. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९५० च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसवली होती, ती परत निघेना, हाडानं तिला धरून ठेवलं होतं. १९६५ पासून त्याच धातूवर माणसांचे कृत्रिम दात बसू लागले. १९९० मध्ये त्यांच्या मुलानं मांडीच्या हाडात टायटॅनियमचा खुंट बसवून कृत्रिम पाय जोडायला सुरुवात केली. सॉकेट नाही, घाम नाही, मोजे नाहीत. पण खुंट कातडीतून बाहेर येतो. ती वाट जन्मभर उघडी राहते, रोज स्वच्छ करावी लागते, जंतू आत जाण्याची भीती कायमची. शुगर आणि रक्तपुरवठा बिघडलेल्यांना डॉक्टर सहसा तो सुचवत नाहीत. तात्यांना शुगर आहे. त्यांना मी मोजे मोजायला शिकवलं.

वर्कशॉपला जाताना दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड बरोबर ठेवा. ते देशभर चालतं. कन्नड वाचता येत नसेल तर कागदांसाठी शेजारचं शाळेतलं पोर सोबत घ्या. जुना पाय, लायनर, त्या दिवशी घातलेले सगळे मोजे आणि रोजची चप्पल न्या. आदल्या आठवड्यात कुठल्या वेळी किती मोजे लागले ते वहीत लिहून न्या. आणि जिथं दुखतं तिथं निघण्याआधी, घरीच, पेनानं कातडीवर गोल करा, कारण तिथं पोचेपर्यंत लाली गेलेली असते.